फ्रीजरमध्ये बर्फ साचू लागतो तेव्हा

पश्चिम किनाऱ्यावर दरवर्षी १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक होड्यांना मासेमारीची बंदी असते. त्यामुळे गोवा व कारवारकडून घाट चढून येणारा मासा ह्या दोन महिन्यांत आपल्याकडे कमी होतो आणि भाव चढतात. हे ध्यानी घेऊन काकतीतील पाच भगिनींच्या एका बचतगटाने गेल्या वर्षी मे महिन्यात हॉटेलात वापरलेला एक जुना उभा फ्रीजर विकत घेतला. मे अखेरीस मासा घेऊन साठवावा, जून-जुलैत विकावा व हिवाळ्यात मटार स्वस्त झाला की त्याच पेटीत मटार ठेवावा, असा त्यांचा बेत होता. बेत चांगलाच होता. फ्रीजरला २४ हजार रुपये पडले आणि त्यातील बहुतेक पैसा कर्जाऊ होता.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात त्या माझ्याकडे आल्या. "फादर, मशीन रात्रंदिवस चालूच हाय, बंद म्हणून पडत नाही. आत बर्फाचा डोंगर झालाय बघा, आणि मासा मात्र हाताला मऊ लागतोय." मी काही मेस्त्री नव्हे. सेमिनरीत आम्हाला तत्त्वज्ञान शिकविले, कॉम्प्रेसर कोणी शिकविला नाही. तरी पुढील पंधरा दिवसांत त्या पेटीपाशी बसून आम्ही सर्वजण जे शिकलो, ते इतरांच्या उपयोगी पडेल म्हणून येथे देत आहे. आपल्या भागात आता दूध-पनीरवाले, कोंबडीवाले, हमरस्त्यावरचे धाबेवाले, पुष्कळजण असे जुने फ्रीजर घेऊ लागले आहेत.

प्रथम हे समजून घ्यावे, की बर्फ पुष्कळ साचला म्हणजे फ्रीजर जोरात थंड करतो आहे, असे नव्हे. उलट आहे. फ्रीजरच्या आत अ‍ॅल्युमिनियमच्या पातळ पत्र्यांची व नळ्यांची एक जाळी असते, तिला कॉइल म्हणतात. पंखा आतील हवा ह्या कॉइलमधून फिरवतो, हवा गार होते आणि ती मालाला गार करते. हवेतील वाफ कॉइलला लागली की तेथेच गोठते. हा भुसभुशीत बर्फ हवेने भरलेला असतो आणि कापसाच्या गोधडीसारखे काम करतो. गारवा कॉइलपाशीच अडकतो, पत्र्यांमधील फटी बुजतात, पंख्याची हवा पुढे जात नाही. मग आतले तापमान चढते, ते उतरविण्यासाठी यंत्र न थांबता चालते, विजेचे बिल वाढते आणि मासा मऊ पडतो. त्या भगिनींनी सांगितलेल्या तिन्ही गोष्टींचे मूळ हे एकच होते.

आता ही वाफ येते कोठून? २५ अंश तापमानाची दमट हवा एका घनमीटरला २३ ग्रॅमपर्यंत पाणी धरून ठेवते. उणे १८ अंशाला तीच हवा जेमतेम १ ग्रॅम धरू शकते. बाकीचे सर्व पाणी बर्फ होऊन आतच राहते. उभ्या फ्रीजरचे दार उघडले की गार हवा जड असल्यामुळे पायाशी सांडते आणि वरून बाहेरची हवा आत शिरते. आडव्या, वरून झाकणाच्या पेटीत गार हवा विहिरीतल्या पाण्यासारखी तळाशी बसून राहते, म्हणून तिच्यात बर्फ सावकाश धरतो. आपल्याकडील जून-जुलैची हवा कशी असते हे सांगावयास नको. चुलीवर टाकलेली धोतरे दोन दिवस वाळत नाहीत, ती ओल फ्रीजरलाही लागतेच.

तेव्हा थोडाफार बर्फ धरणे हा दोष नव्हे. आडव्या पेटीच्या भिंतीवर बोटभर जाडीच्या निम्मा बर्फ झाला, की माल दुसरीकडे हलवून पेटी बंद करावी व बर्फ वितळू द्यावा, एवढेच. दोष केव्हा म्हणावयाचा? पंख्याच्या फ्रीजरमध्ये आठ-दहा दिवसांत कॉइल पूर्ण बुजली, तर. कारण अशा फ्रीजरमध्ये बर्फ आपोआप काढण्याची सोय बसविलेली असते. टायमर दिवसातून तीन-चार वेळा कॉम्प्रेसर थांबवितो आणि कॉइलला लागून असलेला हिटर वीस-तीस मिनिटे चालू करतो. बर्फ वितळून पाणी खालच्या नळीतून बाहेर जाते. कॉइल पुरेशी तापली की तिच्यावर बसविलेली एक लहानशी थर्मोस्टॅटची डबी हिटर बंद करते. ह्या साखळीतील एक कडी निखळली की बर्फाचा डोंगर झालाच.

गटाने आधी एका मेस्त्रीला बोलाविले होते. त्याने पाहताक्षणी "गॅस कमी झाला" म्हणून सांगितले, गॅस भरला, पैसे घेतले व तो गेला. फ्रीजर चार दिवस उत्तम चालला आणि पुन्हा तेच. येथे मला शंका आली. गॅस भरण्यासाठी त्याने फ्रीजर रात्रभर उघडा व बंद ठेवला होता. त्या रात्रीत सगळा बर्फ वितळून गेला असणार! चार दिवस जे चालले ते नव्या गॅसमुळे नव्हे, मोकळ्या झालेल्या कॉइलमुळे. हे ध्यानात ठेवावे, कारण पुष्कळ खोट्या दुरुस्त्या अशाच 'यशस्वी' होतात. शिवाय फ्रीजरचा गॅस हा स्टोव्हच्या रॉकेलसारखा जळून संपत नाही. तो बंद नळ्यांत फिरत राहतो. कमी झाला असेल तर कोठेतरी गळती आहे, आणि गळती न शोधता नुसता गॅस भरणे म्हणजे फुटक्या घागरीत पाणी ओतणे.

गॅस खरोखर कमी आहे की काय, हे पाहण्याची सोपी खूण आहे. फ्रीजर रिकामा करून बर्फ पूर्ण वितळवावा, पुसून कोरडा करावा, मग तासभर चालवून कॉइलवरील झाकण काढून पाहावे. गॅस पुरेसा असेल तर दहिवर पडावे तसा पातळ पांढरा थर सर्व कॉइलवर सारखा दिसतो. कमी असेल, किंवा बारीक नळीत अडथळा असेल, तर पहिल्या दोन-चार वेढ्यांवरच बर्फ धरतो व बाकीची कॉइल कोरडी राहते. आमच्या फ्रीजरमध्ये थर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सारखा होता. म्हणजे गॅसचा संशय गेला.

मग आम्ही बर्फ कोठे आहे ते पाहत गेलो, आणि मला वाटते सर्वांत उपयोगाचा धडा हाच. दाराच्या कडेला, विशेषतः एकाच कोपऱ्यात बर्फ असेल तर दाराचे रबर पाहावे. कागदाची पट्टी दारात धरून दार लावावे व पट्टी ओढावी. ती सहज निघाली तर तेथे फट आहे. रात्री मोबाइलची बॅटरी पेटवून आत ठेवावी व दार लावून दिवा मालवावा, जेथून उजेड दिसेल तेथून वाफ आत जाते. आमच्या फ्रीजरच्या खालच्या दाराचे रबर बिजागरीच्या बाजूला चिरलेले निघाले. रबर नुसते दबलेले असेल तर गरम पाण्यात बुडविलेल्या फडक्याने शेकून ते सरळ होते, चिरले असेल तर बदलावेच लागते. चिकटपट्टी लावून पाहिली, दोन दिवस टिकली. जमीन समपातळीत नसल्यामुळे फ्रीजर पुढे झुकलेला असला, तरी दार नीट बसत नाही. मागील बाजू किंचित खाली राहील अशी पाचर घालावी.

तळाशी बर्फाची लादी धरली असेल तर निचऱ्याची नळी तुंबली आहे. वितळलेले पाणी बाहेर न जाता तेथेच पुन्हा गोठते. आमच्या नळीतून माशाची खवले व कोणा हॉटेलवाल्याच्या काळातील मटाराचे दाणे निघाले. कोमट पाणी ओतून नळी मोकळी झाली. त्यासाठी तार घालू नये.

आणि सर्व कॉइलवर दगडासारखा बर्फ असेल, तर हिटर, टायमर व थर्मोस्टॅट ह्या तिघांपैकी एकाचा दोष. हे काम जाणत्या मेस्त्रीचे आहे, घरी करू नये. दुसरा मेस्त्री आला तो तरुण होता, पण घाई करणारा नव्हता. त्याने टायमरचा खिट्टा हाताने फिरवून 'टक्' आवाज येईपर्यंत नेला. कॉम्प्रेसर थांबला, म्हणजे टायमर ठीक. हिटर मात्र गरम होईना. वीज तोडून त्याने हिटर मीटरने तपासला, तो जळालेला नव्हता. उरली थर्मोस्टॅटची डबी. ती कॉइल गार असताना आतून जोडलेली असावयास हवी, ही गोठलेल्या कॉइलवरही तुटलेलीच राहत होती. साडेतीनशे रुपयांची वस्तू! तिच्या जागी नुसती वायर जोडून काम भागवू देऊ नये. कॉइल तापल्यावर हिटर बंद करणारे मग कोणी उरत नाही.

चाकूने किंवा पेचकसाने बर्फ खरवडण्याचा मोह सर्वांना होतो. तो आवरावा. कॉइलची नळी एकदा फुटली की फ्रीजर भंगारात जातो. शिवाय अलीकडच्या पुष्कळ फ्रीजरमध्ये आर-२९० किंवा आर-६००ए हा गॅस असतो आणि तो आपल्या स्वयंपाकाच्या गॅससारखाच पेट घेतो. कोणता गॅस आहे ते मागील पत्र्याच्या पाटीवर लिहिलेले असते. प्लग काढून, दार उघडे ठेवून, आत गरम पाण्याची पातेली ठेवावी व धीर धरावा. आमच्या फ्रीजरला एक दिवस व एक रात्र लागली.

आता माशाविषयी, कारण खरा प्रश्न तेथे होता. त्या दिवसांत फ्रीजरमधील तापमान मोजले ते उणे ४ अंश भरले, आणि वरच्या कप्प्यात तर त्याहून पुष्कळ जास्त. गोठविलेला माल उणे १८ अंशाला असावयास हवा. वरच्या कप्प्यातील १४ किलो बांगडा पूर्ण मऊ झाला होता आणि किती वेळ तसा होता हे कोणालाच सांगता येईना. गटात वाद झाला. "वास येत नाही फादर, मग टाकायचा कशाला? मीठ लावून सुकवू की," असे एक मावशी म्हणाल्या. त्यांचे दुःख मला कळत होते, कर्जाचा हप्ता त्यांनाच भरावयाचा होता. परंतु बांगडा, सुरमई व कुप्पा ह्या जातीच्या माशांत एक विशेष धोका आहे. ते गारव्याबाहेर राहिले की जंतूंमुळे त्यांच्या मांसात हिस्टामिन नावाचे द्रव्य तयार होते. एकदा तयार झालेले हिस्टामिन शिजवून जात नाही, तळून जात नाही, मीठ लावून वा पुन्हा गोठवूनही जात नाही. वास व रंग चांगला असतानाही ते असू शकते. असा मासा खाल्ल्यावर काही मिनिटांत किंवा तास-दोन तासांत तोंड लाल होते, अंगाला खाज सुटते, डोके दुखते, छाती धडधडते. लोक म्हणतात "मासा बाधला". एका भगिनीच्या घरी आदल्या आठवड्यात तिघांना नेमके असेच झाले होते, डॉक्टरांच्या गोळीने उतार पडला आणि कोणी त्याचा फ्रीजरशी संबंध जोडला नव्हता. हे ऐकल्यावर वाद थांबला. बांगडा मळ्यात खोल खड्डा करून पुरला. खालच्या कप्प्यातील सुरमई अजून दगडासारखी कडक होती व तिच्यावर बर्फाचे कण होते, ती ठेवली.

लाइट जाऊन येते तेव्हा आत माल वितळून पुन्हा गोठला की काय, हे ओळखण्यासाठी एक युक्ती आहे. वाटीत पाणी गोठवून बर्फावर एक नाणे ठेवावे व वाटी फ्रीजरमध्ये राहू द्यावी. नाणे वरच असेल तर चिंता नाही. ते तळाशी गेलेले दिसले, तर आपण नसताना पाणी वितळले होते आणि मालही. लाइट गेल्यावर दार उघडू नये. चांगल्या रबराचा, गच्च भरलेला फ्रीजर न उघडता सुमारे ४८ तास माल धरून ठेवतो, अर्धा भरलेला २४ तास. लाइट आल्याबरोबर यंत्र चालू न करता पाच मिनिटे थांबावे, नाहीतर कॉम्प्रेसरवर ताण पडतो.

माल भरण्याची पद्धतही बदलावी लागली. धुतलेला मासा निथळून, पुसून, पिशवीतील हवा काढून बांधावा. मटार उकळत्या पाण्यात दीड-दोन मिनिटे ठेवून लगेच थंड पाण्यात काढावा, पण ओला भरू नये, फडक्यावर कोरडा करूनच भरावा. ओल्या मालातील पाणी शेवटी कॉइलवरच जाऊन बसते. गरम वस्तू आत ठेवू नये. कॉइलच्या तोंडाशी पिशव्या रचू नयेत, हवेला वाट हवी. बाहेरच्या बाजूची, धूळ धरणारी काळी जाळी महिन्यातून एकदा मऊ ब्रशने झाडावी, भिंतीपासून वीतभर अंतर ठेवावे.

जुना फ्रीजर घेणाऱ्यांनी तो दुकानात चालू करून, थर्मामीटर आत ठेवून, दुसऱ्या दिवशी पुन्हा जाऊन पाहावा. "आत्ताच धुतलाय, म्हणून बंद आहे" असे ऐकले तर परत फिरावे. पाटीवर आर-१२ लिहिलेले असेल तर फुकट मिळाला तरी नको. ओझोनला मारक म्हणून १९८७ च्या माँट्रियल करारानंतर तो गॅस बंद होत गेला, आता भरून मिळणार नाही. आणि मोडका फ्रीजर परसात टाकावयाचा असेल तर आधी त्याची दारे काढून टाकावीत. खेळताना मुले आत शिरतात व दार आतून उघडत नाही.

गटाला रबर, थर्मोस्टॅट व मेस्त्रीची मजुरी मिळून अडीच हजारांच्या आत खर्च आला, गॅसचे आणि बांगड्याचे पैसे गेले ते गेलेच. दारावर आता एक वही टांगली आहे. रोज सकाळ-संध्याकाळ तापमान व दार किती वेळा उघडले ते लिहितात. ह्या जूनमध्ये सर्वांत जास्त नोंद उणे १५ अंशांची आहे, ती लाइट सहा तास गेली त्या दिवसाची. वरच्या दाराचे रबरही आता एका बाजूला कडक होऊ लागले आहे, ते दिवाळीआधी बदलावयाचे ठरले आहे.