जवसाची साठवण व कमी पिष्टाच्या आहारातील त्याचा उपयोग

जवस हे विदर्भ व मराठवाड्यातील रब्बी हंगामाचे एक जुने गळिताचे पीक होय. पश्चिम महाराष्ट्रात व कोकणात त्यास अळशी म्हणतात. भंडारा-गोंदियाकडे धानाच्या उभ्या पिकात, बांधीतील ओल असतानाच, जवसाचे बी फेकण्याची पद्धत आहे. एकोणिसाव्या शतकात मध्य प्रांत व वऱ्हाडातील जवस मुंबई बंदरातून युरोपात रंग व रोगण तयार करण्यासाठी जात असे. घरी मात्र त्याची चटणी भाकरीबरोबर खाल्ली जाई, आणि आजही खाल्ली जाते.

अलीकडे या पिकास एक वेगळी मागणी उत्पन्न झाली आहे. मधुमेह जडलेल्या किंवा वजन वाढलेल्या माणसांना आहारातील पिष्टमय पदार्थ, म्हणजे भात, भाकरी, पोळी, साखर, कमी करण्याचा सल्ला दिला जातो आणि त्या जागी जवसाचे पीठ वापरावे असे अनेकांच्या कानी पडते. त्यामुळे कित्येक घरांत किलो-दोन किलो जवस एकदम दळून डब्यात भरून ठेवला जातो. काही बचत गटही असे पीठ पिशव्यांत भरून विकतात. महिना-दीड महिन्याने ते कडवट लागू लागते; पण औषधी वस्तू कडूच असावयाची, अशा समजुतीने ते तसेच खाल्ले जाते. ही समजूत चुकीची आहे. चांगला जवस कडू नसतो. त्याची चव तीळ किंवा अक्रोडाच्या जवळची असते.

पीठ असे का बिघडते, हे समजून घेतले पाहिजे. जवसाच्या दाण्यात सुमारे ४० टक्के तेल असते व त्या तेलाचा निम्म्याहून अधिक भाग लिनोलेनिक आम्लाचा असतो. यासच ओमेगा-३ वर्गातील स्निग्धाम्ल म्हणतात. हवेतील प्राणवायूशी त्याचा फार लवकर संयोग होतो. दारे-खिडक्यांना लावलेले जवसतेल वाळून त्याचा कठीण पापुद्रा बनतो, तो याच गुणामुळे. अर्थात जो गुण रंगाऱ्यास हवा, तोच स्वयंपाकघरात नको असतो. (हेच तेल औतांच्या लाकडी भागांना लावल्यानंतर त्या तेलकट चिंध्यांचा बोळा कोपऱ्यात टाकू नये. प्राणवायूशी संयोग होताना उष्णता निर्माण होते व असे बोळे आपोआप पेट घेऊ शकतात. ते पसरून वाळवावेत.)

दाणा अखंड असतो तोवर त्याचे कठीण, गुळगुळीत टरफल आतील तेलास हवा लागू देत नाही. म्हणून कोरडा, अखंड जवस साध्या डब्यातही वर्षभर चांगला राहतो. दळताच हे संरक्षण जाते. थंड देशांत हवाबंद पाकिटातील पीठ काही महिने टिकते, हे खरे. परंतु ज्या गावी एप्रिल-मे महिन्यांत पारा ४५ अंशांपर्यंत चढतो, तेथे त्या भरवशावर राहणे योग्य नव्हे. आपल्याकडे साठवावयाचा तो दाणा, पीठ नव्हे, असा नियमच करणे श्रेयस्कर.

साठवणीची काळजी खळ्यापासूनच सुरू होते. बोंडे पूर्ण वाळल्यावरच मळणी करावी. ट्रॅक्टर फिरवून किंवा यंत्राचा वेग वाढवून मळणी केल्यास दाणे पुष्कळ फुटतात आणि फुटका दाणा सर्वांत आधी खवट होऊन बाकीच्या मालासही वास लावतो. म्हणून घरी खाण्याचा जवस काठीने झोडपून वेगळा काढावा, उफणावा व बारीक चाळणीने चाळून फुटके व पोचट दाणे काढून टाकावेत. हा माल धुऊ नये. दाण्याच्या टरफलात चिकट द्रव्य असते. पाणी लागताच दाणे एकमेकांना चिकटून त्यांचा लगदा होतो व तो पुन्हा नीट वाळत नाही.

साठवणीच्या वेळी दाण्यातील ओलावा आठ टक्क्यांच्या आसपास असावा. ओलावा मोजण्याचे यंत्र जवळ नसल्यास दाणा दाताखाली धरून पाहावा. तो कट्‌कन तुटला तर वाळला असे समजावे. चिवट लागून दबला तर आणखी दोन उन्हे द्यावीत. वाळवलेला माल ऊन असतानाच डब्यात भरू नये, सावलीत थंड होऊ द्यावा. जवसाचे दाणे बारीक व चपटे असल्याने ते एकमेकांवर दाट बसतात व ढिगात हवा खेळत नाही. यामुळे ओला राहिलेला ढीग आतून तापतो आणि वरून पाहणाऱ्यास काहीच कळत नाही. पोत्यात भरावयाचे असल्यास पोते घट्ट विणीचे घ्यावे, कारण हा निसरडा दाणा लहानशा छिद्रातूनही पाण्यासारखा गळतो. पोती भिंतीस न टेकवता लाकडी फळ्यांवर ठेवावीत. घरापुरता माल असेल तर झाकण घट्ट बसणारा पत्र्याचा किंवा स्टीलचा डबा सर्वांत उत्तम. धान्यात ठेवावयाच्या विषारी धूरीच्या गोळ्या राहत्या घरात मुळीच वापरू नयेत. त्यांतून निघणारा वायू माणसांचा जीव घेतो.

दळण आठवड्यापुरतेच करावे. आधी जवस मंद आचेवर, तडतडू लागेपर्यंत भाजावा. करपू देऊ नये. भाजल्याने तो चांगला कुटला जातो, शिवाय कच्च्या जवसात अल्प प्रमाणात असणाऱ्या, सायनाइड उत्पन्न करणाऱ्या द्रव्यांचा जोरही कमी होतो. थंड झाल्यावर कुटून किंवा मिक्सरमधून काढून लहान बरणीत गच्च भरावे, म्हणजे आत हवा कमी राहते. बरणी अंधाऱ्या, थंड जागी ठेवावी. घरी फ्रिज असल्यास त्यात ठेवावी. लसूण घालून केलेली चटणीही अशीच आठ-दहा दिवसांत संपवावी. पिठास रंगाच्या डब्यासारखा वास आला किंवा ते घशाशी खवखवले तर ते टाकून द्यावे. बचत गटांनी पिठाऐवजी निवडलेला अखंड दाणा विकावा. पीठ विकावयाचेच असेल तर मागणी आल्यावर दळावे व पाकिटावर दळल्याची तारीख घालावी.

आता उपयोगाविषयी. १०० ग्रॅम जवसात सुमारे १८ ग्रॅम प्रथिने असतात. कर्बोदके २९ ग्रॅमच्या आसपास दिसतात, परंतु त्यांपैकी जवळजवळ २७ ग्रॅम चोथा असतो व चोथ्याची रक्तात साखर होत नाही. उलट ६० ग्रॅम पिठाच्या ज्वारीच्या एका भाकरीत चोथा वगळूनही ३५ ते ४० ग्रॅम पिष्ट असते. कमी पिष्टाच्या आहारात जवसास स्थान मिळाले ते या कारणाने. ज्वारी वाईट आहे, असा याचा अर्थ नव्हे. अंगमेहनत करणाऱ्या निरोगी शेतकऱ्याने भाकरी सोडण्याचे काहीच कारण नाही.

जवस अखंड गिळल्यास तो बहुतांशी तसाच शरीराबाहेर पडतो; म्हणून कुटूनच खावा. दिवसाला दोन मोठे चमचे, म्हणजे सुमारे १५ ग्रॅम पुरे होतात. ३० ग्रॅमच्या वर जाऊ नये. पीठ ताकात, दह्यात, वांग्याच्या किंवा दोडक्याच्या भाजीत, मेथीच्या पालेभाजीत घालता येते. भाकरीची सवय सुटत नसेल तर चार मोठे चमचे पीठ, म्हणजे दिवसाचा सर्व वाटा, तितक्याच उकळत्या पाण्यात घालून ढवळावे. दहा मिनिटांत चिकट द्रव्यामुळे त्याचा गोळा होतो. त्यात मीठ, जिरे, चिरलेली मेथी घालून ओल्या फडक्यावर थापावे व मंद तव्यावर दोन्ही बाजूंनी भाजावे. ही भाकरी फुगत नाही आणि ज्वारीची चवही तिला येत नाही, हे आधीच सांगितलेले बरे.

जवस सुरू करताना पाणी भरपूर प्यावे. पाणी कमी पडल्यास हाच चोथा आतड्यात घट्ट बसून त्रास देतो. नेहमीची औषधे व जवस यांच्यात दोन तासांचे अंतर ठेवावे. रक्त पातळ करण्याचे औषध चालू असलेल्यांनी व गरोदर स्त्रियांनी डॉक्टरांना विचारूनच तो घ्यावा.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट मधुमेहाच्या रुग्णांविषयी आहे. जवस हे औषध नव्हे. त्याच्या भरवशावर गोळ्या किंवा इन्सुलिन बंद करू नये. दुसरीकडे, औषधाची मात्रा तीच ठेवून भाकरी-भात एकाएकी तोडल्यास रक्तातील साखर धोक्याच्या पातळीखाली जाऊ शकते. घाम सुटणे, हातपाय थरथरणे, भोवळ येणे ही त्याची लक्षणे होत. शेतात एकट्याने काम करणाऱ्या माणसावर असा प्रसंग आला तर तो जिवावर बेततो. अशा वेळी शुद्धीवर असलेल्या रुग्णास ताबडतोब साखरेचे पाणी द्यावे. म्हणून आहार बदलण्यापूर्वी प्राथमिक आरोग्य केंद्रातील डॉक्टरांकडून औषधाची मात्रा ठरवून घ्यावी. ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी जवसाची माहिती देताना ही सूचना वगळू नये.

भाभा अणुसंशोधन केंद्राने विकसित केलेल्या टीएल-९९ या वाणाच्या तेलात लिनोलेनिक आम्ल पाच टक्क्यांहून कमी असते व त्यामुळे ते खाद्यतेल म्हणून अधिक टिकते. तळणासाठी हा गुण चांगला. ओमेगा-३ साठी जवस खाणाऱ्याच्या मात्र तो उपयोगाचा नाही. बियाणे घेताना कोणत्या हेतूने पेरावयाचे, हे आधी ठरवावे. नेहमीच्या वाणाचे घाण्याचे तेल तळणास वापरू नये. थोडे आणून गडद बाटलीत ठेवावे व चटणीवर कच्चेच घ्यावे. रंगाच्या दुकानात ‘डबल बॉइल्ड’ म्हणून मिळणाऱ्या जवसतेलात ते लवकर वाळावे म्हणून धातूंची संयुगे मिसळलेली असतात. ते पोटात जाता कामा नये. तसेच पेरणीनंतर उरलेले, बुरशीनाशक चोळलेले बी कितीही निवडले वा पुसले तरी खाण्यायोग्य होत नाही. त्याची पिशवी स्वयंपाकघरापासून दूर, नाव घालून व कुलपात ठेवावी.