खडकावरील दुर्लक्षित आप्त

प्रवरेकाठच्या कोल्हारचे पाणी गोदावरीमार्गे पूर्वेच्या सागराला मिळते. शाळांच्या सहली मात्र पश्चिमेकडे, कोकण किनाऱ्याला जातात. तेथे ओहोटीच्या वेळी दगडांच्या सावलीतील बाजूस बुळबुळीत, रंगीत पापुद्रे दिसतात. ‘शेवाळ आहे’ असे म्हणून मंडळी पुढे सरकतात. प्राणिवर्गीकरणाच्या धड्यात ‘हर्डमानिया’ हे नाव पाठ केलेली मुलेही त्याच कुळातील हा प्राणी ओळखत नाहीत!

या कुळाला ॲसिडियन म्हणतात. हर्डमानिया एकएकटा राहतो. हे पापुद्रे म्हणजे वसाहती होत. पूर्वी त्यांची गणना मृदुकाय प्राण्यांत होई. 1866 साली कोवालेव्स्की या रशियन शास्त्रज्ञाने त्यांच्या पिलाच्या शेपटीत पृष्ठरज्जू असल्याचे दाखवून दिले आणि हा जीव थेट आपल्या, म्हणजे रज्जुमान प्राण्यांच्या, पंक्तीत आला. पिलू थोडा वेळ पोहते, डोक्याकडील बाजूने खडकाला चिकटते, शेपटी जिरवून टाकते आणि कायमचे स्थिरावते. त्यानंतर मुकुलनाने एकाचे अनेक होतात.

‘बोट्रिलस’ या प्रजातीत तांदळाच्या कण्यांएवढे जीव चांदणीसारखे मांडलेले असतात. प्रत्येकाचे तोंड स्वतंत्र, पाणी बाहेर टाकण्याचे द्वार मात्र सामाईक. रक्तवाहिन्याही एकमेकींस जोडलेल्या. साधारण आठवड्याने जुनी पिढी विरघळते व नव्या कळ्या तिची जागा घेतात. शेजारच्या दोन वसाहती भिडल्या, तर नाते जुळल्यास एकरूप होतात, नाही तर स्पर्शरेषेवर परस्परांना झिडकारतात. भाऊबंदकीचा हा प्रकार आपल्याला अगदीच अपरिचित नाही.

घरगुती सागरी मत्स्यालयात ही वसाहत बहुधा खडकाबरोबर येते, आणि तेथेच घोटाळा होतो. मालक पाणी जितके गाळून काचेसारखे ठेवतो, तितकी ती उपाशी पडते. कारण पाण्यातील सूक्ष्म जीव व कण हेच तिचे अन्न. रंग फिका होतो, कडा आक्रसतात आणि कुजू लागल्यावर इतर जलचरांचेही पाणी बिघडते. काही पांढुरक्या जाती मात्र अंधाऱ्या कोपऱ्यात, गाळणीच्या टाकीतसुद्धा, आपसूक वाढतात.

म्हणून शाळेच्या बाटलीत नमुना खरवडून आणण्यापेक्षा तो जागेवरच भिंगातून दाखवणे श्रेयस्कर. मालवणचा काही सागरी भाग तर 1987 पासून अभयारण्य आहे; तेथून काही उचलण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. पाहण्यासाठी उलटलेला दगड पूर्ववत पालथा घालावा. उताणा राहिल्यास भरती येण्यापूर्वीच वसाहत उन्हाने सुकते.