शिंगाची मूठ का उचलते?

प्रश्न : सुरीला म्हशीच्या शिंगाची मूठ बसवली की काही महिन्यांत कडा उचलतात. चिकटद्रव्य बदलू का? – एक वाचक, तंजावूर

उत्तर : दोष बहुधा ओलाव्याचा आहे. शिंग म्हणजे नखासारखेच केराटिन. दमट हवेत ते फुगते, कोरड्या हवेत आकसते. तंजावूरला ऑक्टोबर ते डिसेंबर ईशान्य मोसमी पाऊस असतो, पुढे एप्रिल-मेचा कडक उन्हाळा. पावसाळ्यात बसवलेली पट्टी उन्हाळ्यात ओढ घेणारच, आणि ती ओढ इपॉक्सीलाही कायम पेलत नाही. म्हणून शिंग उकळून आतला हाडाचा गाभा काढा, पट्ट्या कापा, पुन्हा गरम करून दोन लोखंडी पाट्यांत दाबा. पूर्ण गार होईपर्यंत शिकंजा सोडू नका. मग सावलीत वाळवा, अधूनमधून वजन करा. वजन घटायचे थांबले की मगच भोके पाडा. उकळलेले शिंग मऊ असताना लगेच घडवावे, असे काही जण सांगतात. वाकवण्यापुरते ते बरोबर आहे, पण उकळताना शोषलेले पाणी निघून जाईपर्यंत अंतिम माप घेणे व्यर्थ. घासताना तोंडाला मास्क हवाच.

तंजावूर वीणेच्या नक्षीत पूर्वी हस्तिदंत आणि हरणाचे शिंग वापरत, मग मुठीलाही तेच का नको, असा आक्षेप येईल. एक तर सांबरशिंग हे केराटिन नसून हाड आहे; ते असे दाबून सपाट होत नाही. दुसरे, वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 नुसार त्याचा व्यापार गुन्हा आहे, शिंग आपोआप गळलेले असले तरी. म्हशीचेच शिंग घ्या, आणि त्याला वेळ द्या.