ग्राहकाचा विश्वास आणि उत्पादकाची दिशा

साबणाची वडी विकत घेणारा ग्राहक आणि यंत्र विकत घेणारा ग्राहक यांच्यात एक मूलभूत फरक असतो. साबण संपला की व्यवहार संपतो, आणि पुढच्या वेळी दुसऱ्या नावाचा साबण घेतल्याने कोणाचे काही बुडत नाही. यंत्राचे तसे नाही. मोबाइल फोन किंवा संगणक घेणारा मनुष्य दुकानात एकदाच पैसे देतो खरा, परंतु त्यानंतर कित्येक महिने तो वेगळ्या स्वरूपात किंमत मोजीतच असतो. यंत्राची रीत तो शिकून घेतो, बोटांना बटणांची सवय लावतो, त्यात नावे, क्रमांक व छायाचित्रे साठवितो, त्याच जातीचा चार्जर घरी व कचेरीत ठेवतो. ही सारी गुंतवणूक दुसऱ्या उत्पादकाच्या यंत्रात जशीच्या तशी नेता येत नाही. ग्राहकनिष्ठा म्हणून जिचा गौरव होतो ती पुष्कळ अंशी या गुंतवणुकीची राखण असते. साहजिकच, आजचे यंत्र कसे आहे याइतकेच त्याचा कर्ता उद्या कोणत्या वाटेने जाणार आहे, हेही ग्राहकाला कळावे लागते.

या प्रश्नाचे एक जुने उदाहरण अमेरिकेतील आहे. ॲडम ऑसबॉर्न यांनी १९८१ साली हातात उचलून नेता येईल असा संगणक बाजारात आणला. (ऑसबॉर्न यांचे बालपण तिरुवण्णामलै येथे गेले आणि २००३ साली त्यांचे निधन कोडैकनाल येथे झाले, ही गोष्ट आपल्याकडे फारशी कोणाला ठाऊक नसते.) यंत्राचे वजन सुमारे अकरा किलो होते, पडदा अवघा पाच इंचांचा, तरीही १,७९५ डॉलरांना मिळणाऱ्या या यंत्राला प्रचंड मागणी आली. पुढे नवी, अधिक चांगली यंत्रे येत असल्याचे ती तयार होण्यापूर्वीच जाहीर झाले. तेव्हा लोक जुने घेईनात, आणि नवे तर दुकानात नव्हते. सप्टेंबर १९८३ मध्ये संस्थेने दिवाळे जाहीर केले. तिच्या नाशाला प्रतिस्पर्ध्यांची मोठ्या पडद्याची यंत्रे आणि आतला हिशेबी गोंधळ हीही कारणे होती, असे अभ्यासक म्हणतात व ते रास्त आहे. तथापि अवेळी केलेल्या घोषणेच्या दुष्परिणामाला ऑसबॉर्न यांचे नाव चिकटले ते चिकटलेच.

याहून कितीतरी मोठ्या प्रमाणावर हीच गोष्ट फिनलंडमधील नोकियाच्या बाबतीत घडली. १८६५ साली लाकडाच्या लगद्याच्या गिरणीपासून सुरू झालेली ही संस्था १९९८ मध्ये जगातील सर्वांत मोठी मोबाइल फोन उत्पादक झाली. भारताशी तिचा संबंध तर अगदी आरंभापासूनचा. ३१ जुलै १९९५ रोजी पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसू यांनी कलकत्त्याहून दिल्लीला केंद्रीय मंत्री सुखराम यांच्याशी मोबाइल फोनवर जे पहिले संभाषण केले, ते नोकियाच्या यंत्रावरूनच. २००३ चा ११०० हा विजेरी असलेला साधा फोन खेड्यापाड्यांत पोहोचला. २००६ मध्ये चेन्नईजवळ श्रीपेरुंबुदूर येथे कारखाना सुरू झाला.

या निष्ठेची एकदा कठोर परीक्षा झाली होती. ऑगस्ट २००७ मध्ये नोकियाने जाहीर केले की, जपानच्या मात्सुशिता कंपनीने डिसेंबर २००५ ते नोव्हेंबर २००६ या काळात बनविलेल्या एका जातीच्या ४ कोटी ६० लाख बॅटऱ्या विद्युतभारण करताना अतितप्त होण्याचा संभव आहे. भारतात मोठी घबराट उडाली, लोक सेवाकेंद्रांत धावले. संस्थेने बॅटऱ्या विनामूल्य बदलून दिल्या. प्रत्यक्ष यंत्रात दोष, तोही धोक्याचा. पण ग्राहक गेले नाहीत. त्याच वर्षाच्या अखेरीस जगात विकल्या जाणाऱ्या दर दहा फोनांपैकी जवळजवळ चार नोकियाचे होते. दोष कोठे आहे, कोणत्या बॅटऱ्यांत आहे व तो कसा दूर होईल, हे स्पष्ट सांगितले गेले होते. अशा वेळी ग्राहक रागावतो, रांगेत उभा राहतो, आणि बॅटरी बदलून घरी जातो.

चार वर्षांनंतरचा प्रसंग निराळा होता. मधल्या काळात ॲपलचा आयफोन आणि गूगलची अँड्रॉइड प्रणाली आली होती, आणि नोकियाची सिंबियन ही प्रणाली, म्हणजे फोनचे सर्व व्यवहार चालविणारा मूळ आज्ञासंच, त्यांच्यापुढे जुनाट दिसू लागली होती. मायक्रोसॉफ्टमधून आलेले नवे प्रमुख स्टीफन ईलॉप यांनी कर्मचाऱ्यांना लिहिलेल्या टिपणात आपल्या संस्थेला समुद्रातील पेटलेल्या तेलमंचाची उपमा दिली. हे टिपण बाहेर फुटले. ११ फेब्रुवारी २०११ रोजी लंडनमध्ये जाहीर झाले की, यापुढे नोकियाचे प्रमुख फोन मायक्रोसॉफ्टच्या विंडोज फोन प्रणालीवर चालतील. मात्र सिंबियनचे आणखी सुमारे १५ कोटी फोन विकण्याची आशा आहे, असेही त्याच वेळी सांगण्यात आले! ज्या घराला मालकाने स्वतःच पेटलेले म्हटले, त्यात नवे भाडेकरू यावेत, ही अपेक्षा विलक्षण होती.

विंडोज प्रणालीवरील पहिले लुमिया फोन त्या वर्षी ऑक्टोबरच्या अखेरीस जाहीर झाले. मधल्या साडेआठ महिन्यांत दुकानात जाणाऱ्याने काय घ्यावे? २०१० च्या शेवटच्या तिमाहीत नोकियाचे २ कोटी ८३ लाख स्मार्टफोन विकले गेले होते; २०११ च्या दुसऱ्या तिमाहीत ते १ कोटी ६७ लाखांवर आले. यंत्रे त्या सहा महिन्यांत बिघडली नव्हती. अँड्रॉइडची स्पर्धा तीव्र होती हे खरे, आणि जुनी प्रणाली केव्हा तरी सोडावी लागलीच असती. परंतु एवढ्या थोड्या अवधीत एवढी घसरण केवळ स्पर्धेने होत नाही. जुन्या ग्राहकाला त्याच्या शिकण्याची व साठविण्याची हमी उरली नव्हती. सगळेच नव्याने शिकायचे, तर ते नोकियाकडेच का शिकावे, असा विचार त्याने केला असल्यास त्याला दोष देता येणार नाही.

ज्यांनी एवढे होऊनही साथ सोडली नाही त्यांची गत अधिक वाईट झाली. लुमिया ९०० हा फोन एप्रिल २०१२ मध्ये अमेरिकेत विक्रीस आला. जूनमध्ये मायक्रोसॉफ्टने जाहीर केले की, नवी विंडोज फोन ८ प्रणाली जुन्या फोनांवर चालणार नाही, कारण तिचा गाभाच वेगळा आहे. पुढे या फोनांना वरवरचे काही नवे रूप देण्यात आले, पण नव्या प्रणालीसाठी लिहिलेले कार्यक्रम त्यांच्यावर चालत नव्हते. दीड वर्षाच्या आत एकाच संस्थेच्या ग्राहकांना दुसऱ्यांदा सांगण्यात आले की, तुमच्या हातातील यंत्राला भवितव्य नाही. त्या वर्षीच्या तिसऱ्या तिमाहीत स्मार्टफोनची विक्री ६३ लाखांवर उतरली. विशेष हे की, या वेळी सेवाकेंद्रांपुढे रांगा लागल्या नाहीत. २००७ मध्ये तक्रार घेऊन आलेला ग्राहक अजून आपला होता. आता तो न बोलताच निघून गेला.

एप्रिल २०१४ मध्ये नोकियाचा फोन-व्यवसाय मायक्रोसॉफ्टच्या ताब्यात गेला. करविषयक वादामुळे श्रीपेरुंबुदूरचा कारखाना त्या व्यवहारात हस्तांतरित होऊ शकला नाही आणि १ नोव्हेंबर २०१४ रोजी तो बंद झाला. सिंबियनच्या ग्राहकांसाठीचे शेवटचे दारही तोपर्यंत मिटले होते. १ जानेवारी २०१४ पासून नोकियाच्या भांडारात त्या प्रणालीसाठी नवे कार्यक्रम वा जुन्यांच्या सुधारित आवृत्त्या स्वीकारणे थांबविण्यात आले. जुना फोन खिशात बाळगणाऱ्यांना तो बोलण्यासाठी पुढेही काही वर्षे उपयोगी पडत राहिला.