कोत-रोतीची बाटली पुण्यात दहा वर्षं टिकेल का?

प्रश्न : माझी मुलगी फ्रान्समधल्या ल्यों शहरात नोकरी करते. सुट्टीला येताना तिने कोत-रोती भागातली सिराह वाइनची २०१९ सालची एक बाटली आणली. ही एकाच मळ्यातल्या द्राक्षांची आहे, म्हणून दहा वर्षं ठेवून मग उघडा, असं तिथल्या दुकानदाराने सांगितलं. घरच्या कपाटात ठेवली तर चालेल का? एकाच मळ्याची म्हणजे त्यात विशेष काय? आणि चाखताना काय पाहायचं?
– एक वाचक, पुणे

उत्तर : आधी निकडीचं सांगतो. कपाटात ठेवू नका. पुण्याचे एप्रिल-मे कपाटातही शिरतात आणि या वाइनचा सर्वांत मोठा शत्रू उष्णता आहे.

आता मळ्याविषयी. ल्योंच्या दक्षिणेला, ऱ्होन नदीकाठच्या आम्पुई गावाभोवती कोत-रोतीचे उभे चढ आहेत. तिथे दगडी बांध घालून पायऱ्या केल्या आहेत, वेली लाकडी खांबांना बांधलेल्या असतात आणि बरंचसं काम हातानेच होतं. एरवी वाइन करताना अनेक तुकड्यांमधली द्राक्षं एकत्र करतात, म्हणजे एकाची उणीव दुसरा भरून काढतो. एकाच मळ्याच्या वाइनला ही सोय नसते. त्या जमिनीचा आणि त्या वर्षाच्या हवामानाचा गुण-दोष थेट बाटलीत उतरतो.

गिगाल या आम्पुईच्या घराण्याच्या दोन वाइन घ्या. ‘ला मूलीन’ १९६६ पासून निघते. तिचा मळा कोत ब्लाँद या चढाच्या फिकट मातीत आहे आणि सिराहसोबत व्हियोनिए ही पांढरी द्राक्षंही तिच्यात आंबवली जातात. त्यामुळे ती सुगंधी आणि मऊ लागते. ‘ला लांदोन’ १९७८ पासूनची. ती कोत ब्रून या दुसऱ्या चढाच्या लोहयुक्त, काळसर मातीतली, निव्वळ सिराहची, कणखर आणि सावकाश उमलणारी. गाव तेच, करणारे हात तेच, पण चव वेगळी. सिराह या द्राक्षाला ऑस्ट्रेलियात आणि आपल्या नाशिकमध्ये शिराझ म्हणतात. ऑस्ट्रेलियाच्या ईडन व्हॅलीतली ‘हिल ऑफ ग्रेस’ हीसुद्धा एकाच जुन्या मळ्याची शिराझ आहे आणि १९५८ पासून निघते.

ठेवायची कशासाठी? द्राक्षाच्या सालीतून आणि बियांमधून वाइनमध्ये टॅनिन उतरतं. जीभ आणि हिरड्या आवळणारा तुरटपणा त्याचाच. वर्षानुवर्षं हे टॅनिन रंगद्रव्यांशी जोडलं जातं, त्यातलं काही साका होऊन तळाशी बसतं आणि तुरटपणा निवळतो. ताज्या फळाचा वास मागे सरतो आणि चामडं, धूर, अळंबी असे वास पुढे येतात. मधली काही वर्षं वाइन मुकी झाल्यासारखी वाटते, वासच देत नाही. ती बिघडलेली नसते. पण हे सगळं थंडाव्यात, सावकाश व्हावं लागतं. उष्णतेत प्रक्रिया भराभर होतात, वेगळ्याच होतात, आणि ताज्या फळाऐवजी शिजवलेल्या जॅमचा वास येतो. वाइन प्रसरण पावून बूच वर ढकलते आणि हवा आत शिरते.

म्हणून १२ ते १४ अंश सेल्सिअस स्थिर तापमान, अंधार, ६०-७० टक्के आर्द्रता आणि बूच ओलं राहावं म्हणून आडवी बाटली, ही साठवणीची चौकट आहे. घरी ती वाइनसाठीच्या खास कपाटातच जमते. साध्या फ्रिजमध्ये काही महिने चालतील, वर्षं नाहीत. तिथली कोरडी हवा बूच सुकवते.

चाखण्याआधी बाटली एक दिवस उभी ठेवा, म्हणजे साका खाली बसेल. वाइन १६ ते १८ अंशांवर प्यावी. आपल्या खोलीचं तापमान त्याहून बरंच जास्त असतं, म्हणून अर्धा-पाऊण तास फ्रिजमध्ये ठेवा. मग हलक्या हाताने रुंद भांड्यात ओतून तासभर श्वास घेऊ द्या. पेला एक तृतीयांशच भरा. आधी न हलवता वास घ्या, मग हलवून घ्या. काळी फळं, व्हायोलेटची फुलं, ऑलिव्ह, धूर आणि मुख्य म्हणजे काळी मिरी शोधा. हा मिरीचा वास रोटंडोन नावाच्या संयुगाचा. २००८ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी ते सिराहमध्ये असल्याचं दाखवलं. आपल्या मिरीतही तेच असतं. सुमारे पाचातल्या एका माणसाला ते हुंगताच येत नाही, तेव्हा घरात मतभेद झाले तर दोघंही बरोबर असू शकतात. घोट घेतल्यावर आंबटपणा, तुरटपणा आणि चव किती वेळ रेंगाळते ते पाहा. थोडी वाइन पेल्यात राखून तासाभराने पुन्हा चाखा, फरक कळेल. सोबत झणझणीत रस्सा नको, तिखटाने तुरटपणा आणि मद्याची जळजळ दोन्ही वाढतात. मिरी घातलेलं सुकं मटण उत्तम.

माझा सल्ला असा. खास कपाट असेल तर आणखी चार-पाच वर्षं खुशाल ठेवा. नसेल तर येत्या हिवाळ्यात उघडा, भरपूर फळ असलेली तरुण सिराह हीसुद्धा मोठी मेजवानी आहे. दीर्घकाळ ठेवायची हौस असेल, तर पुढची बाटली मुलीकडेच राहू द्या. फ्रान्समधल्या अनेक जुन्या इमारतींत भाडेकरूंना तळघराचा वाटा मिळतो. तिच्याकडे तो आहे का, एवढं विचारून घ्या.