घर उभं राहिलं, संसार वाहून गेला

आमच्याकडे पुराची भीती पावसाळ्यातली. खडकवासला धरणातून पाणी सुटलं की मुळा-मुठा आणि भीमेकाठची गावं सावध होतात. २०२५च्या मे अखेरीस मात्र दौंड, बारामती, इंदापूरवर आभाळच फाटलं आणि भांडगावात माझ्या चुलतभावाच्या घरात ओढ्याचं पाणी शिरलं. भिंती शाबूत राहिल्या. फ्रीज, पिठाची गिरणी, गाद्या, पोरांची पुस्तकं गेली.

विमा होता, गृहकर्जासोबत उतरवलेला. पण फक्त इमारतीचा. सामानाचा रकाना कोरा. सरकारी मदतीचंही गणित पडझडीवर चालतं: केंद्राच्या निकषांत पूर्ण पडलेल्या पक्क्या घराला १ लाख २० हजार, अंशतः पडलेल्याला ६,५००, आणि तेही किमान १५ टक्के नुकसान असेल तर. चिखलात गेलेल्या संसाराला त्यात फारशी जागा नाही.

म्हणून कर्जदारांनो, आजच पॉलिसीची प्रत मागून घ्या आणि सामानाचा रकाना वाचा. १ एप्रिल २०२१पासून सगळ्या सर्वसाधारण विमा कंपन्यांकडे 'भारत गृह रक्षा' ही एकाच मसुद्याची पॉलिसी मिळते. तिच्यात नदीच्या पुराबरोबर पाणी साचून झालेलं नुकसानही धरलं जातं. घराची रक्कम चटई क्षेत्र आणि बांधकाम खर्चावर ठरते, गुंठ्याच्या भावावर नाही. इमारतीसोबत सामान घेतलं, तर इमारतीच्या रकमेच्या २० टक्के, कमाल १० लाखांपर्यंत, यादी न देता संरक्षण मिळतं. दागिन्यांचं वेगळं सांगावं लागतं. गाडी यात येत नाही, गोठ्यातली जनावरंही नाहीत. त्यांचा विमा निराळा.

पाणी ओसरलं की हात लगेच झाडूकडे जातो. थांबा. आधी भिंतीवरच्या चिखलाच्या रेषेचे आणि प्रत्येक वस्तूचे फोटो काढा, कंपनीला कळवा, तलाठ्याकडून पंचनाम्याची प्रत घ्या. सर्वेक्षक येईपर्यंत भिजलेला फ्रीज भंगारात देऊ नका.

आणि विम्याची आखणी करणाऱ्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे. ठरावीक पाऊस झाला की पंचनाम्याविना पैसे देणारा विमा नागालँड सरकारने घेतला आहे. तसा आपल्याकडे आणाल, तेव्हा धरणाचा विसर्ग किंवा दौंडजवळची भीमेची पातळी एवढ्यावरच तो बेतू नका. त्या मे महिन्यात आमच्या दारात आलेलं पाणी धरणातून आलंच नव्हतं. महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटर पाऊस झाला की सरकार अतिवृष्टी मानतं. त्याच पर्जन्यमापकाच्या नोंदीला विमा जोडा, आणि ओढ्याकाठची घरं नकाशावर वेगळी दाखवा.