दोन बहिणी, दोन वाटा

हाताची पाची बोटे सारखी नसतात. तशाच एका आईच्या लेकीही सारख्या नसतात. दोघी बहिणी गड्ड्याच्या जत्रेला जातात. एक बांगडीवाल्याशी घासाघीस करते, हसते, चार जणींची ओळख काढते. दुसरी पदर सावरून मागे उभी राहते. पण घरी निघताना कुणाची पिशवी राहिली, कुणाचं पोर मागं पडलं, हे तिच्याच ध्यानात असते. आपल्या सोलापूरकडे गावोगाव अशा जोड्या दिसतात.

स्वभाव वेगळे म्हणून भांडण होते का? होते की! "तू माझ्यासारखी का वागत नाहीस?" इथूनच सुरुवात होते. मग बोलणे बंद, येणेजाणे बंद. माहेरच्या लग्नातही एकमेकींकडे पाठ.

म्हणून या पाठात आम्ही दोन बहिणींची खरी हकिकत सांगणार आहोत. त्यांच्या वाटा अगदी उलट होत्या. तरी त्या एकमेकींना अंतरल्या नाहीत.

देवरुखच्या लेकी

रत्नागिरी जिल्ह्यात देवरुख गाव आहे. तिथल्या जोशी यांच्या या मुली. थोरली गोदूबाई. धाकटीचे सासरचे नाव पार्वतीबाई आठवले. ती १८७० साली जन्मली.

गोदूबाईचे लग्न आठव्या वर्षी झाले. काही महिन्यांतच नवरा वारला. नवरा म्हणजे काय, हे कळायच्या आधीच पोर विधवा झाली! पार्वतीबाईंचे लग्न अकराव्या वर्षी झाले. विसाव्या वर्षी त्याही विधवा झाल्या. पदरात लहान मुलगा होता.

त्या काळी आपल्याकडे बऱ्याच जातींत विधवेचा पाट लागत असे. ब्राह्मणांत मात्र ती चाल नव्हती. विधवेचे केस काढीत. तिला आलवण नेसवीत. लग्नामुंजीत तिने पुढे यायचे नाही. घरात राब राब राबायचे. विधवेला पुन्हा लग्न करता यावे म्हणून १८५६ साली सरकारने कायदा केला होता. पण कायदा कागदावर राहिला. आपल्या पंढरपुरात १८७५ साली अनाथ बालकाश्रम निघाला, तो याच दुःखापायी. फसलेल्या विधवा आपली तान्ही मुले टाकून देत. ती मुले जगावीत म्हणून तो निघाला.

थोरलीची वाट

गोदूबाईंचा भाऊ नरहरपंत मुंबईला राहत असे. त्याने बहिणीला शिकण्यासाठी मुंबईला आणले. पंडिता रमाबाईंनी १८८९ साली तिथे शारदा सदन ही शाळा काढली. त्या शाळेतल्या पहिल्या विधवा विद्यार्थिनी म्हणजे गोदूबाई. तेव्हा त्या विशी ओलांडलेल्या होत्या. पाटी हाती घ्यायला त्यांना लाज वाटली नाही.

नरहरपंतांचे जिवलग मित्र होते धोंडो केशव कर्वे. त्यांची पहिली बायको राधाबाई १८९१ साली वारली. कर्वे म्हणाले, "पुन्हा लग्न करीन तर विधवेशीच करीन." ११ मार्च १८९३ रोजी त्यांचे गोदूबाईंशी लग्न झाले. तेव्हापासून त्या आनंदीबाई कर्वे झाल्या. घरचे लोक त्यांना बाया म्हणत.

केवढा गहजब झाला! कर्व्यांचे गाव मुरूड. तिथल्या लोकांनी त्यांच्यावर बहिष्कार घातला. त्यांना घरात घ्यायचे नाही, पंगतीला बसवायचे नाही, असे ठरले. आनंदीबाई डगमगल्या नाहीत. राधाबाईंचा मुलगा रघुनाथ त्यांच्याच घरी वाढला. त्यांचा स्वभाव धीट होता, बोलणे रोखठोक. मनात एक नि ओठांवर एक असे नाही. संसाराला हातभार म्हणून त्या सुइणीचे कामही शिकल्या.

धाकटीची वाट

पार्वतीबाईंचा स्वभाव निराळा. देवधर्म, जुन्या चालीरीती यांवर त्यांची श्रद्धा होती. त्यांनी पुन्हा लग्न केले नाही. केस काढलेले, अंगावर विधवेचा वेष, तसाच त्यांनी पुष्कळ वर्षे ठेवला.

आता पाहा. एकीने रूढी मोडली, दुसरीने पाळली. जुन्या माणसांनी धाकटीला सांगितले असते, "तिच्या घरचं पाणी पिऊ नकोस." नव्या माणसांनी थोरलीला सांगितले असते, "ही जुनाट बाई घरात कशाला?" पण झाले काय? १८९६ च्या सुमारास पार्वतीबाई शिकण्यासाठी पुण्याला आल्या. आणि राहिल्या कुठे? त्याच बहिष्कार पडलेल्या बहिणीच्या घरी! तेव्हा त्यांचे वय सव्वीस होते. तिथे त्यांचे खरे शिक्षण सुरू झाले.

बहिणीची माया इथे दिसली. जग जिच्याकडे पाठ फिरवते, तिच्या उंबऱ्याच्या आत पाऊल टाकायला धीर लागतो. आणि आपल्याहून वेगळी वागणारी बहीण आहे तशी घरात ठेवून घ्यायला मोठे मन लागते. दोघींनी आपापले दिले.

पैशाचा प्रश्न

सगळे गोडीगुलाबीने चालले असे मात्र समजू नका. कर्व्यांनी १८९६ साली विधवांसाठी आश्रम काढला. पुण्यात प्लेग आला तेव्हा १९०० साली तो गावाबाहेर हिंगण्याला, माळावरच्या झोपडीत गेला. कर्वे पुण्यात शिकवीत आणि पायी हिंगण्याला जात. जवळचा पैसा त्यांनी आश्रमात घातला. विम्याचे कागदसुद्धा आश्रमाच्या नावे केले.

घरात मुले लहान. उद्या काही बरेवाईट झाले तर? आनंदीबाईंचा जीव तुटे. त्या नवऱ्याला तोंडावर बोलत. त्यांचे काही चुकले का? ज्या बाईला चूल पेटवायची असते, तिलाच डब्यातले पीठ दिसते.

आणि धाकटी बहीण काय करीत होती? ज्या आश्रमापायी थोरलीच्या घरी ओढाताण होई, त्याच आश्रमासाठी ती गावोगाव वर्गणी मागत होती. दुसऱ्या दोघी असत्या तर इथे कायमचे बिनसले असते. पण एकीला घराचा घोर होता, दुसरीला आश्रमाचा. दोन्ही घोर खरे होते. बहिणीचे नाते त्यांनी या वादात पणाला लावले नाही.

रक्ताच्या नात्यापलीकडे

हिंगण्याला पार्वतीबाईंना मैत्रिणीही तशाच मिळाल्या. वेणूबाई नामजोशी आणि काशीबाई देवधर या दोघी त्यांच्यासारख्याच विधवा. तिघींनी जन्मभर आश्रमाचे काम केले. पार्वतीबाई पैशासाठी बाहेर फिरत, तेव्हा मागे आश्रमातल्या मुलींकडे पाहणाऱ्या मैत्रिणी होत्या, म्हणूनच त्यांना फिरता आले. मैत्रीण म्हणजे नुसते गुजगोष्टी करायचे माणूस नव्हे. आपण नसताना आपले काम जी आपले समजते, ती मैत्रीण.

पार्वतीबाई जुन्या वळणाच्या, पण डोळे मिटून चालणाऱ्या नव्हत्या. १९१२ साली त्यांनी आपण होऊन केस काढणे थांबवले. त्यांना स्वतःला पटले तेव्हा त्या बदलल्या. १९१८ साली, वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, त्या एकट्या अमेरिकेला गेल्या. इंग्रजी शिकावे आणि आश्रमासाठी पैसा जमवावा, हा हेतू. इंग्रजी धड येत नव्हते. परक्यांच्या घरी त्यांनी घरकाम केले. १९२० साली त्या परत आल्या.

आनंदीबाई १९५० साली वारल्या. पार्वतीबाई १९५५ साली गेल्या. हिंगण्याच्या झोपडीची पुढे मोठी शिक्षणसंस्था झाली. तिने आनंदीबाईंच्या नावाने 'बाया कर्वे पुरस्कार' सुरू केला. आणि एक गोष्ट आपण विशेष ध्यानात ठेवू. मोठेपणी पाटी हाती घेतलेल्या या दोघींनी आपापली हकिकत स्वतः सांगितली आणि तिची पुस्तके झाली. थोरलीचे 'माझे पुराण', धाकटीचे 'माझी कहाणी'. एकाच घरच्या दोन लेकी, पण दोन पुस्तके, दोन आवाज!

आपण काय घ्यावे?

आपल्याही बहिणी असतात, जावा असतात. विड्या वळताना शेजारी बसणारी, खुरपणीला बरोबरीने चालणारी मैत्रीण असते. ती आपल्यासारखी नसेल. ती फार बोलत असेल, किंवा मुळीच बोलत नसेल. ती उपास करील, आपण करणार नाही. तिला बदलायला जाऊ नये. पटले तर ती आपण होऊन बदलेल.

पण तिच्यावर वेळ आली की मागे सरू नये. नवऱ्याने टाकले, सासरी छळ झाला, मुलीच्या लग्नावरून भावकीने वाळीत टाकले, अशा वेळी चार लोक म्हणतील, "तिच्या दारी जाऊ नका." तेव्हाच जावे. वाळीत टाकणे हा महाराष्ट्रात आता गुन्हा आहे. तसा कायदा झाला आहे. तिच्या दारी जाण्यात भिण्याचे कारण नाही.

रुसून बसलेली एखादी बहीण असेल तर तिला चार ओळी लिहा. आता आपल्याला लिहिता येते. "तू कशी आहेस?" एवढे लिहिले तरी पुरे.

शब्दांचे अर्थ

आलवण – विधवेने नेसायचे लाल लुगडे
गहजब – मोठा आरडाओरडा
घोर – काळजी
रोखठोक – स्पष्ट, आडपडदा न ठेवता
वाळीत टाकणे – समाजाने संबंध तोडणे

वाचा, बोला, लिहा

१. पार्वतीबाई पुण्यात कोणाच्या घरी राहिल्या? त्यासाठी धीर का लागला?
२. पैसा आश्रमाला द्यावा की घरासाठी ठेवावा? वर्गात दोन्ही बाजूंनी बोला.
३. तुमच्या बहिणीत किंवा मैत्रिणीत तुमच्याहून वेगळे असे काय आहे? त्यातले तुम्हाला काय आवडते? पाच ओळी लिहा.